चालू पीसीवर लावा-काढायच्या व्हिडिओ केबल्स: काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

व्हिडिओ केबल घेताना काउंटरवर दोनच प्रश्न विचारले जातात: किती मीटरची, आणि फोर-के चालेल ना? पीसी चालू असताना ती लावता-काढता येईल का, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलंच, तर दोनपैकी एक उत्तर मिळतं. "काही होत नाही हो, बिनधास्त लावा", नाहीतर "आधी सगळं बंद करा, कार्ड उडेल". दोन्ही अर्धवट आहेत.

म्हणून या परीक्षणात चित्राच्या दर्जाला मार्क नाहीत. डिजिटल केबलमधून चित्र एकतर नीट येतं, नाहीतर ठिपके चमकतात, मध्येच काळं होतं किंवा येतच नाही. महागडी केबल रंग काही जास्त गडद करत नाही. इथे तपासलंय ते प्लगचं कवच, खटका, आतली जोडणी आणि चालू मशीनवर हाताळताना काय बिघडतं ते.

घाईत असाल तर निकाल आधी घ्या. एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, यूएसबी-सी आणि डीव्हीआय हे चारही चालू मशीनवर लावता यावेत असेच बनवलेले आहेत. व्हीजीए तसं बनवलेलं नाही, पण सांभाळून केलं तर चालतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या आरसीए पिना चालू उपकरणांना लावू नयेत. आणि लॅपटॉपच्या आतली, स्क्रीनकडे जाणारी केबल चालू मशीनवर कधीच नाही. मात्र हे सगळं एका अटीवर: अर्थिंग जागेवर हवं.

पोर्ट उडतो तो कशाने

चित्राच्या सिग्नलमध्ये कार्ड जाळण्याइतका दम नसतो. व्हीजीएचा रंगाचा सिग्नल जेमतेम ०.७ व्होल्टचा. एचडीएमआयच्या डेटा-जोड्या ३.३ व्होल्टवर चालतात आणि सोबत ५ व्होल्टची एक पिन असते. नुकसान करतो तो दोन उपकरणांच्या धातूच्या भागांमधला व्होल्टेजचा फरक.

तो येतो कुठून? एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी एक फिल्टर असतं. त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून कॅबिनेटला, दुसरा न्यूट्रलपासून कॅबिनेटला. थ्री-पिनमधली अर्थ शाबूत असेल तर त्यांतून झिरपणारा करंट मुकाट जमिनीत जातो. अर्थ तुटलेली असली की कॅबिनेट त्या दोन कपॅसिटरच्या मधोमध अधांतरी राहतं आणि २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास जाऊन बसतं. करंट साधारण एका मिलिअँपिअरच्याही आतला असतो. हाताला झिणझिण्या येतात आणि लोक "थोडा करंट मारतो, चालायचंच" म्हणून सोडून देतात. पण ३.३ व्होल्टवर चालणारी चिप त्या झटक्यासाठी बनलेली नसते. समोरचा टीव्ही डिशच्या किंवा केबलवाल्याच्या कोॲक्स वायरमधून जमिनीशी जोडलेला असेल, तर प्लग टेकल्याक्षणी हा सगळा फरक तिथून मोकळा होतो.

तो नेमका कुठल्या वाटेने मोकळा होतो, त्यावर पोर्टचं आयुष्य ठरतं. नीट बनवलेल्या प्लगमध्ये धातूचं कवच पिनांच्या आधी टेकतं. झटका कवचातून जातो आणि चिपला पत्ताही लागत नाही. कवच आतून ग्राउंडला जोडलेलंच नसेल, सैल असेल, किंवा टीव्हीमागे हात घालून चाचपडत प्लग तिरका घुसवला असेल, तर आधी सिग्नलची पिन टेकू शकते. मग मशीन ठणठणीत, इतर पोर्ट ठणठणीत, फक्त तो एक पोर्ट मेलेला. "काल चालत होता, आज नो सिग्नल" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच निघतं आणि दोष मात्र "चालू पीसीवर केबल काढली" याला दिला जातो.

तपासणं सोपं आहे. पीसी चालू ठेवून कॅबिनेटच्या मागच्या, रंग न लागलेल्या स्क्रूला टेस्टर लावा. पेटला तर अर्थ पोचत नाही. मीटर वापरता येत असेल तर सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यामध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच दिसायला हवेत. मीटरची सवय नसेल तर सॉकेटमध्ये प्रोब खुपसू नका, वायरमनला बोलवा.

त्यामुळे या परीक्षणातली पहिली खरेदी केबलची नाहीच, एक्स्टेन्शन बोर्डाची आहे. बाजारात असे कितीतरी बोर्ड मिळतात, ज्यांना तिसरं भोक असतं पण आत पितळी पट्टीच नसते, किंवा वायर दोन-कोअरची, म्हणजे आत दोनच तारांची असते. घेण्याआधी वायरच्या टोकाला बघा: प्लगला वरची जाड पिन धातूची आहे का, की नुसती प्लॅस्टिकची? मीटर असेल तर बीप मोडवर ती जाड पिन आणि बोर्डाच्या प्रत्येक सॉकेटचं वरचं भोक जुळतंय का पाहा. थ्री-पिनचा टू-पिन करणारे ते छोटे कन्व्हर्टर व्हिडिओ केबल लावणाऱ्या घरात नकोतच. सर्ज प्रोटेक्टरलाही हेच लागू: फेजकडून अर्थकडे वळवायचा झटका अर्थच नसेल तर तो वळवणार कुठे?

एचडीएमआय: रोजच्या वापराची, पण खटका नसलेली

१९ पिनांचा हा प्लग २००२ च्या अखेरीस आला आणि आता टीव्हीपासून प्रोजेक्टरपर्यंत सगळीकडे तोच आहे. चालू मशीनवर लावण्याची त्याची रीत मुळातच चांगली आहे. पीसी १८ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट देतो. मॉनिटरला ते मिळाले की तो १९ नंबरच्या पिनवरून आपण जोडले गेल्याचं कळवतो. मग पीसी १५ आणि १६ या पिनांवरून मॉनिटरची कुंडली वाचतो: कोणतं रिझोल्यूशन, किती हर्ट्झ, आवाज आहे की नाही. तिला ईडीआयडी म्हणतात आणि तिचा पहिला ठोकळा १२८ बाइटचा असतो. हे सगळं झाल्यावरच चित्र सुरू होतं.

बिघडतं ते इथेच. प्लग हळूहळू, हलवत-हलवत आत सरकवला की १९ नंबरची पिन टेकते, सुटते, पुन्हा टेकते. पीसी अर्धवट कुंडली वाचतो आणि स्क्रीनवर ६४० बाय ४८० किंवा १०२४ बाय ७६८ असं भलंमोठं, फाटकं चित्र येतं. लोक ड्रायव्हर बदलत बसतात. उपाय एवढाच: प्लग पूर्ण बाहेर काढा, पाचेक सेकंद थांबा, सरळ रेषेत एका दमात शेवटपर्यंत बसवा.

काढतानाही प्लग धरूनच काढायचा, वायर ओढून नाही. कनेक्टर १०,००० वेळा लावण्या-काढण्यासाठी प्रमाणित असतो, तेव्हा झिजण्याची चिंता नको. मोडतो तो वजनाने. पाच मीटरची जाड केबल टेबलाच्या कडेवरून लोंबकळत असली की पोर्टला सतत खाली ओढते, मदरबोर्डवरचे सोल्डरचे टाके सैल होतात आणि मग केबल "वर धरली की चालते". केबलचं वजन पोर्टवर येऊ देऊ नका. टेबलाच्या पायाला वेल्क्रोने बांधा.

घेताना काय बघायचं: "व्हर्जन २.१ ची केबल" असा ठळक मजकूर पाकिटावर असेल तर सावध व्हा. व्हर्जन उपकरणाचं असतं, केबलची फक्त श्रेणी असते. प्रीमियम हाय स्पीड म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, फोर-के ६० हर्ट्झला पुरेशी. अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८ गिगाबिट. दोन्हींच्या पाकिटावर फोनने स्कॅन करता येणारं प्रमाणपत्राचं लेबल असतं. दुकानातच स्कॅन करा. लेबल नसलेली दीड मीटरची स्वस्त केबल फुल एचडीला बहुतेकदा चालून जाते, हे खरं आहे. फोर-केला तीच ठिपके टाकते. प्लगचं कवच बोटांनी दाबून पाहा. प्लॅस्टिकच्या मुठीत ते डगमगत असेल तर ती केबल दुकानातच राहू द्या, बाहेरून कितीही सोनेरी मुलामा असला तरी.

मिनी आणि मायक्रो एचडीएमआयला मात्र कमी मार्क. मायक्रोचं तोंड साडेसहा मिलिमीटरपेक्षाही अरुंद, आणि त्याला तीच जाड केबल लटकवली जाते. रास्पबेरी पाय ४ आणि ५ या तळहाताएवढ्या छोट्या संगणकांवर असे दोन पोर्ट आहेत. तिथे मायक्रोचा आखूड, लवचिक जोड कायमचा लावून ठेवा आणि लावा-काढायचं काम त्याच्या मोठ्या टोकाशी करा.

डिस्प्लेपोर्ट: सर्वांत चांगला, जर २० नंबरची पिन रिकामी असेल

पीसीवर डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय दोन्ही असतील तर आमची पसंती डिस्प्लेपोर्टला. त्याच्या डेटा-वाटांवर मध्ये कपॅसिटर असतात, त्यामुळे दोन उपकरणांच्या स्थिर व्होल्टेजमधला फरक चिपपर्यंत सरळ पोचत नाही. प्लगला दोन आकड्यांचा खटका असतो, चुकून पाय लागून केबल सुटत नाही.

हा खटकाच नवख्याला मारतो. प्लगवरचं बटण पूर्ण दाबल्याशिवाय केबल ओढली की पोर्टचं पत्र्याचं तोंड फाकतं, जास्त जोर लावला तर पोर्टच कार्डावरून उखडतो. बटण दाबा, प्लग आधी किंचित आत ढकला म्हणजे आकडे मोकळे होतात, मग सरळ ओढा. ग्राफिक्स कार्डाच्या काही ब्रॅकेटमध्ये बटण नेमकं वरच्या पोर्टच्या प्लगला टेकतं आणि बोट जातच नाही. अशा जागी बिनखटक्याची केबल घ्यावी. तीही मिळते.

आता मुख्य मुद्दा. या प्लगमध्ये २० पिना असतात आणि विसाव्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात, तेही दोन्ही बाजूंच्या उपकरणांवर. पोर्टला थेट लागणाऱ्या कन्व्हर्टरसाठी ती सोय आहे. साध्या केबलमध्ये ही पिन एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जोडायचीच नाही, असा नियम आहे. स्वस्त केबलमध्ये मात्र वीसच्या वीस तारा सरळ जोडलेल्या सापडतात. मग मॉनिटरचे ३.३ व्होल्ट बंद पीसीच्या कार्डात उलटे शिरतात. लक्षणं विचित्र असतात: पीसी शटडाउन केला तरी बोर्डावरचा दिवा मंद जळत राहतो, बटण दाबल्यावर सुरूच होत नाही, मॉनिटरची केबल काढली की लगेच सुरू होतो. एसएमपीएस बदलायला काढण्याआधी ही केबल बदलून पाहा.

मीटरने एका मिनिटात तपासता येतं. केबल दोन्हीकडून सुटी करा, बीप मोडवर दोन्ही टोकांच्या २० नंबरच्या पिना तपासा. बीप वाजली तर केबल बाद. प्लगच्या आतल्या पिना बारीक असतात, म्हणून प्रोबला शिवणाची सुई क्लिपने धरावी लागते. प्रमाणित केबल घेतली तर ही कसरत करावी लागत नाही. लांबी दोन मीटर ठेवा; त्यापुढे जास्त हर्ट्झवर साध्या तांब्याच्या केबलची खात्री कमी होत जाते.

एक खोड सगळ्यांना खटकते. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर बटणाने बंद केला तरी विंडोजला तो काढून टाकल्यासारखा वाटू शकतो आणि सगळ्या खिडक्या दुसऱ्या स्क्रीनवर जाऊन गोळा होतात. विंडोज ११ च्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, मल्टिपल डिस्प्लेच्या भागात, मॉनिटरनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू ठेवा.

यूएसबी-सी

सुरक्षेला इथे पैकीच्या पैकी. प्लग लागल्यावर आधी दोन छोट्या पिनांवरून समोर कोण आहे ते ओळखलं जातं आणि मगच व्होल्टेज सोडलं जातं. चालू लॅपटॉपवर दिवसातून दहा वेळा लावा-काढा, हरकत नाही. फक्त डॉकला, म्हणजे एका केबलवर बरेच पोर्ट देणाऱ्या डब्याला, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावलेली असेल तर ती आधी इजेक्ट करा. चित्राचं काही जाणार नाही, फाइल जाईल.

तक्रारी दुसऱ्या आहेत. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र निघत नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं इंग्रजी डी-पीसारखं चिन्ह किंवा थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह आहे का पाहा, नसेल तर लॅपटॉपच्या माहितीपत्रकात. फोनसोबत आलेली चार्जिंगची केबल बहुतेकदा चित्र देणार नाही, कारण तिच्यात वेगवान डेटाच्या ताराच नसतात. आणि पोर्ट "सैल झाला" असं वाटलं तर आधी त्यात खिशातला कापसाचा लगदा अडकलाय का बघा. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने काढा. सुई घालू नका.

व्हीजीए: म्हातारा, पण अजून प्रोजेक्टरवर बसलेला

आयबीएमने १९८७ मध्ये आणलेला हा १५ पिनांचा प्लग शाळा-कॉलेजांच्या आणि ग्रामपंचायतींच्या जुन्या प्रोजेक्टरवर अजून सापडतो. मॉनिटर लागला-सुटला हे सांगणारी वेगळी पिन यात नाही, त्यामुळे चालू पीसीवर लावल्यावर कधी चित्र आपोआप येतं, कधी विंडोजची की आणि पी दाबून डुप्लिकेट निवडावं लागतं. पत्र्याचं कवच पिनांच्या आधी टेकतं, म्हणून अर्थिंग असेल तर सहसा काही उडत नाही.

जातं काय, तर पिना. पंधरा बारीक पिनांच्या तीन ओळी, अंधारात टेबलाखाली जोर लावला की एखादी आडवी होते. कोणती गेली ते रंग सांगतो: चित्र निळसर-हिरवं दिसलं तर १ नंबरची लाल पिन, जांभळट दिसलं तर २ नंबरची हिरवी, पिवळं पडलं तर ३ नंबरची निळी. रंग ठीक पण रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ च्या वर जात नसेल तर १२ किंवा १५. ९ नंबरची पिन अनेक केबल्समध्ये मुळातच नसते. ती तुटलेली समजून केबल परत करायला जाऊ नका. वाकलेली पिन सरळ करायची तर केबल दोन्हीकडून काढून, बारीक चिमट्याने, एकदाच. दोन-तीनदा वाकवलेली पिन तुटते.

दोन्ही बाजूंचे स्क्रू फक्त बोटांनी, हाताला लागेपर्यंत. स्क्रूड्रायव्हरने आवळले की काढताना पोर्टवरचा षटकोनी नट स्क्रूसोबत निघून येतो आणि उघड्या, चालू कॅबिनेटमध्ये पडला तर थेट बोर्डावर. उघड्या कॅबिनेटवर व्हीजीए काढायची असेल तर तेवढ्यापुरता पीसी बंदच करावा. केबल घेताना दोन्ही टोकांना फेराइटची गाठ (वायरवरचा जाड गोळा) आहे का आणि वायर करंगळीएवढी तरी जाड आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे. दोरीसारखी बारीक केबल अक्षरांना सावली देते.

छताला टांगलेल्या प्रोजेक्टरची गोष्ट वेगळी. त्याचा सप्लाय वेगळ्या सर्किटवर, कधी वेगळ्या फेजवर असतो, मधे पंधरा मीटर वायर. स्क्रीनवर हळूहळू वर सरकणारे आडवे पट्टे दिसले तर तो दोन अर्थांमधला फरक आहे. लॅपटॉपला शक्यतो प्रोजेक्टरच्याच सर्किटवरून सप्लाय द्या. तेवढ्यानेच पट्टे पुष्कळदा जातात. लॅपटॉप बॅटरीवर केल्यावर पट्टे थांबले, तर निदान पक्कं.

डीव्हीआयबद्दल फार लिहिण्यासारखं उरलेलं नाही. १९९९ चा हा प्लग, १६ नंबरच्या पिनवर जोडणी कळते, चालू मशीनवर चालतो. सिंगल लिंक १९२० बाय १२०० पर्यंत जाते. नवीन घेण्याचं कारण नाही. आहे तो मॉनिटर चालवायचा असेल तर एचडीएमआय ते डीव्हीआय साधी केबल चालते, आवाज मिळेलच असं मात्र नाही.

आरसीएची रचनाच उलटी आहे: मधली सिग्नलची पिन आधी टेकते, बाहेरचं ग्राउंडचं कडं नंतर. म्हणजे फरक असला तर तो सिग्नलमधूनच मोकळा होणार. जुना सेट-टॉप बॉक्स किंवा डीव्हीडी प्लेअर टीव्हीला जोडताना दोन्ही बंद, हा जुना सल्ला इथे शंभर टक्के बरोबर आहे.

कन्व्हर्टर घेताना

डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल एकाच दिशेने चालते. पीसीला डिस्प्लेपोर्ट, टीव्हीला एचडीएमआय. उलट लावलीत तर काही जळणार नाही, पण काही दिसणारही नाही. एचडीएमआयकडून डिस्प्लेपोर्टकडे जायला वीज लागणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो. एचडीएमआय ते व्हीजीए डब्बी तर ५ व्होल्टच्या त्याच पिनवर जगते, आणि तिथून हमखास मिळणारा करंट अवघा ५५ मिलिअँपिअर. काही लॅपटॉपवर म्हणूनच चित्र येतं-जातं, डब्बी गरम होते. बाजूला यूएसबीचं तोंड असलेली डब्बी घ्या आणि आधी तिला वीज द्या, मग एचडीएमआय लावा.

लांब अंतरासाठी ऑप्टिकल एचडीएमआय मिळते. तिची टोकं ठरलेली असतात, एकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले असं छापलेलं असतं. भिंतीत ओढण्याआधी जमिनीवर पसरून, दोन्हीकडे लावून चालवून बघा. "फायबर आहे, अर्थचा प्रश्नच नाही" असं विक्रेता म्हणेल; यांतल्या बहुतेकांत ५ व्होल्ट आणि ग्राउंडसाठी तांब्याची तार असतेच.

लावण्या-काढण्याचा क्रम

मॉनिटर किंवा टीव्हीचा पॉवर प्लग आधी पीसीच्याच बोर्डात लावा. दोन्ही प्लग थ्री-पिन असतील तर त्यामुळे दोन्हींच्या अर्थ एकत्र येतात आणि फरक उरतच नाही. मॉनिटरचं बटण बंद असू द्या. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. नायलॉनच्या गालिच्यावर आणि एसीच्या कोरड्या खोलीत हे विसरू नका. आता व्हिडिओ केबल, मॉनिटरच्या टोकापासून सुरुवात करून, पीसीचं टोक शेवटी. मग मॉनिटर चालू. टीव्हीला डिशची वायर असेल तर एचडीएमआय लावेपर्यंत ती स्क्रू सोडून बाजूला ठेवा. पावसाचे ढग दाटून आले तर गडगडाट सुरू होण्याआधीच दोन्ही वायरी काढा आणि पॉवरचा प्लगही; गडगडाट सुरू झाल्यावर वायरींना हात लावू नका.

काढताना उलट क्रम, आणि पॉवर प्लग सगळ्यात शेवटी. आधी पॉवर प्लग उपटला की अर्थ गेली आणि व्हिडिओ केबलचं कवच एकटंच दोन उपकरणांना जोडत राहिलं.

अर्थिंगची खात्री नसलेल्या जागी, लग्नाच्या हॉलमध्ये किंवा मांडवात, चालू उपकरणं जोडूच नका. दोन्हींचे पॉवर प्लग बाहेर काढा, नुसता स्विच बंद नव्हे, कारण स्विच फक्त एकच तार तोडतो. केबल लावा, मग सप्लाय. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर जोडा.

ओढण्याआधी सॉफ्टवेअरकडे एकदा बघा. विंडोजची की आणि पी दाबून "फक्त पीसी स्क्रीन" निवडलं की खिडक्या मुख्य स्क्रीनवर येतात. फुल स्क्रीन गेम चालू असेल तर आधी खिडकीत घ्या, काही गेम केबल निघताच बंद पडतात. एचडीएमआयवरून आवाज जात असेल तर केबल निघाल्याक्षणी तो लॅपटॉपच्या स्पीकरवर येतो. मीटिंगमध्ये हे लक्षात असू द्या. केबल लावूनही स्क्रीन काळाच राहिला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. आणि नव्या पीसीवर "डिस्प्ले येत नाही" म्हणून कुणालाही बोलावण्याआधी केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला आहे की मदरबोर्डच्या, ते पाहा. इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ आहे, त्यांना स्वतःचं ग्राफिक्स नसतं. तिथे मदरबोर्डचा एचडीएमआय मेलेलाच.

लॅपटॉप उघडून स्क्रीन बदलणाऱ्यांसाठी: आतल्या ३० किंवा ४० पिनांच्या केबलमधून बॅकलाइटचा सप्लायही जातो, आणि तो सिग्नलच्या पिनांपासून केसभर अंतरावर असतो. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत तिथे व्होल्टेज असू शकतं. प्लग तिरका बसला की बॅकलाइटचा फ्यूज जातो, कधी बोर्डही. चार्जर काढा, बॅटरीचा कनेक्टर काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, मगच हात लावा.

सोबत घेण्यासारखं

टीव्हीमागे जिथे हात पोचत नाही, तिथे वीतभर लांबीचा एचडीएमआय एक्स्टेन्शन एकदाच लावून ठेवा. झिजला तर तो झिजेल, टीव्हीचा पोर्ट नाही. नव्वद अंशांचे कोपरे घेताना वरच्या बाजूचा की खालच्या बाजूचा हे बघून घ्या, चुकीचा आला तर भिंतीत घुसतो.

रोज ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचा पीसी एकाच मॉनिटरवर आलटून-पालटून वापरणाऱ्याने केबल काढ-घाल करण्यापेक्षा एचडीएमआय स्विच किंवा केव्हीएम (मॉनिटरसोबत कीबोर्ड-माउसही दोन मशीनमध्ये फिरवणारा स्विच) घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन, सगळीकडे मिळतात. दोन प्रकार आहेत. साधा स्विच बटण दाबल्यावर जोडणीची पिन तोडतो, म्हणजे पीसीच्या दृष्टीने तुम्ही केबलच उपटलीत आणि खिडक्यांची पळापळ होते ती होतेच. ईडीआयडी इम्युलेशन असलेला स्विच दोन्ही मशीनना मॉनिटर लागलेलाच आहे असं भासवत राहतो. पाकिटावर तो उल्लेख नसेल तर दुकानदाराला दोन मशीन लावून दाखवायला सांगा: एकीकडे डिस्प्ले सेटिंग उघडी ठेवून स्विच दुसरीकडे फिरवायचा, परत आणायचा, आणि दुसरा मॉनिटर यादीतून गायब झाला होता का ते पाहायचं.